बँकरोल आणि फ्रिजचे दार

ऑनलाइन पोकर खेळून पैसे मिळवणाऱ्या, किंवा मिळतील या आशेवर खेळणाऱ्या, मराठी मध्यमवर्गीय गृहस्थाचा विचार करताना प्रारंभीच नमूद केले पाहिजे की, जुगारी म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो त्याच्याशी या गृहस्थाचे कसलेही साम्य नाही. तो नोकरी करतो, त्याच्या सदनिकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला बिनबोभाट खात्यातून जातो, सोसायटीच्या वार्षिक सभेत तो पार्किंगच्या प्रश्नावर हिरिरीने बोलतो, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास स्वयंपाकघराची आवराआवर झाली की लॅपटॉप उघडून एकाच वेळी चार टेबलांवर बसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात बेहड्याच्या फाशांनी खेळणाऱ्या जुगाऱ्याची कैफियत आहे आणि तीत बायको दुरावल्याची व सासू द्वेष करू लागल्याची स्पष्ट नोंद आहे. म्हणजे या विषयाची कौटुंबिक बाजू फार पूर्वीच लक्षात आली होती. मात्र त्या जुगाऱ्याने खेळासाठी एकूण किती धन वेगळे काढले होते आणि त्यातले किती टक्के एका डावावर लावले, याविषयी सूक्तात अवाक्षर नाही, आणि आधुनिक पोकरपटूच्या मते सगळा घोटाळा तिथेच झाला.

पोकरच्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या टेक्सास होल्डम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, मध्यभागी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात, आणि प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे, वाढवायचे की पाने टाकून मोकळे व्हायचे हे ठरवावे लागते. पाने वाटण्यापूर्वीच दोघांना सक्तीने काही रक्कम मध्ये ठेवावी लागते. या रकमांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात व टेबलाची पायरी त्यांवरूनच ओळखली जाते, म्हणजे एक-दोनच्या टेबलावर बिग ब्लाइंड दोन रुपयांचा, तर पाच-दहाच्या टेबलावर दहा रुपयांचा असतो. टेबलावर बसताना सहसा शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसतात आणि त्या रकमेला बाय-इन म्हणतात. घरखर्चापासून सोवळ्यात वेगळी ठेवलेली खेळाची एकूण पुंजी म्हणजे बँकरोल. ज्या पायरीवर खेळायचे तिचे निदान तीस बाय-इन बँकरोलमध्ये हवेत, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे, आणि अधिक कर्मठ मंडळी हा आकडा पन्नासवर नेतात. त्यानुसार एक-दोनच्या टेबलासाठी सहा हजार, पाच-दहासाठी तीस हजार, दहा-वीससाठी साठ हजार आणि पन्नास-शंभरसाठी तीन लाख रुपये लागतात. बँकरोल वाढला की पायरी चढायची आणि घटला की मान खाली घालून मुकाट्याने उतरायचे; हरल्यावर पण वाढवत जाण्याची सभापर्वातली पद्धत इथे पूर्णतः निषिद्ध मानली आहे.

या संप्रदायाचे आद्य प्रात्यक्षिक अमेरिकेत झाले. २००० साली पोकरच्या जागतिक मालिकेतील मुख्य स्पर्धा जिंकणाऱ्या ख्रिस फर्ग्युसन या संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या खेळाडूने काही वर्षांनी असा प्रयोग केला की, खिशातला एकही डॉलर न घालता फुकट प्रवेशाच्या स्पर्धांत मिळतील ती चिल्लर नाणी गोळा करत दहा हजार डॉलरपर्यंत जायचे, एकूण पुंजीच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम कोणत्याही टेबलावर न्यायची नाही, आणि जिंकता जिंकता समोरचा ढीग पुंजीच्या दहा टक्क्यांवर गेला तर चालत्या टेबलावरून उठायचे. त्याला सुमारे दीड वर्ष लागले. मराठी पोकरपटू या प्रयोगाविषयी ज्या आदराने बोलतो तो आदर त्याच्या तोंडून सहसा फक्त सचिन तेंडुलकरच्या वाट्याला येतो. तथापि फर्ग्युसनच्या त्या नियमावलीत दळण आणण्याविषयी एकही कलम नाही, आणि मराठी खेळाडूची अडचण नेमकी तिथून सुरू होते.

पायरी चढण्याची ओढ लोभातून येते असा समज प्रचलित असला, तरी ती मुख्यतः भागाकारातून येते. टेबल चालवणाऱ्या कंपनीने प्रत्येक मोठ्या डावातून कापून घेतलेला हिस्सा, ज्याला रेक म्हणतात, तो वजा जाऊन जो खेळाडू दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतो, तो चांगला खेळाडू समजला जातो. चार टेबलांवर मिळून तासाला साधारण दोनशे ऐंशी डाव होतात, तेव्हा रोज दोन तासांत पाचशे साठ डाव आणि त्यांतून अठ्ठावीस बिग ब्लाइंडची कमाई, असा हिशोब बसतो. एक-दोनच्या टेबलावर ही रक्कम छप्पन्न रुपये होते. संभाव्यताशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्धवट झोप यांच्या संयोगातून पदवीधर माणसाने दोन तासांत मिळवलेल्या या छप्पन्न रुपयांत पुण्यात बऱ्या ठिकाणी मिसळ मिळत नाही. या गतीने सहा हजारांचे तीस हजार व्हायला चारशे एकोणतीस रात्री लागतात, म्हणून शॉट घेण्याची प्रथा रूढ झाली; शॉट घेणे म्हणजे पुरेसा बँकरोल नसताना वरच्या पायरीचे दोन किंवा तीनच बाय-इन घेऊन नशीब अजमावून पाहणे, आणि ते गेल्यास पूर्वस्थळी परतणे. शॉट घेण्याचा निर्णय शांत चित्ताने, सकाळी, आकडेमोड करून घ्यावा असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात तो बहुधा रात्री पावणेबारा वाजता घेतला जातो.

सरासरी हा शब्द मात्र सांभाळून वापरला पाहिजे, कारण या खेळात निकाल सरासरीभोवती भयंकर झोके घेतात. या झोक्यांना खेळाडू व्हेरियन्स म्हणतात आणि ते शंभर डावांमागे नव्वदेक बिग ब्लाइंडचे असतात. त्यामुळे ज्याची एका रात्रीची सरासरी अठ्ठावीस आहे त्याच्या एका रात्रीचा झोका दोनशेच्या वर जातो. पाच-दहाच्या टेबलावर बोलायचे तर दोनशे ऐंशी रुपये कमावण्यासाठी बसलेला माणूस दोन हजार वर किंवा दोन हजार खाली उठणे ही अगदी सामान्य घटना होय. दोन एक्के हातात असताना समोरच्याच्या दोन राजांशी सगळे पैसे लावले, तरी साडेपाच वेळांत एकदा राजे जिंकतात, आणि ज्याला रोज रात्री दोन-तीनदा एक्क्यांची जोडी मिळते त्याला अशा पराभवाचे अप्रूप राहत नाही. निदान राहू नये. दहा हजार डावांनंतरसुद्धा असे चांगले दहा खेळाडू पाहिले तर त्यांतले सुमारे तीन तोट्यातच असतात. एक लाख डाव झाले की मग कुठे अशा तोट्याची शक्यता शंभरात चारवर येते. एक लाख डाव म्हणजे गुरुवारची वीजकपात, लग्नसराई आणि मुलांचा ताप यांतले काहीही मध्ये न येता रोज खेळल्यास सहा महिने. याचा सोपा अर्थ असा की, आपण चांगले खेळतो की नुसते खेळतो हे खेळाडूला सहा महिने कळत नाही, आणि घरच्यांना ते पहिल्या हरलेल्या रात्रीच कळलेले असते.

आता या विषयाचा गाभा येतो. वरच्या पायरीवरचे प्रतिस्पर्धी अधिक तरबेज असतात म्हणून तिथे खेळणे अवघड जाते, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. खरी अडचण अशी की, खालच्या पायरीवर पैसा हा निव्वळ आकडा असतो आणि विशिष्ट पायरीवर त्यात घरातल्या वस्तू दिसू लागतात. दोनशे रुपयांचा बाय-इन गेला तर मित्राबरोबरची एक मिसळ गेली, इतकेच. हजाराचा बाय-इन गेला की स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर क्षणभर डोळ्यांपुढून सरकतो. दोन हजारांच्या पायरीवर महावितरणचे बिल दिसते, पाच हजारांच्या पायरीवर मुलीच्या नाचाच्या वर्गाची फी, आणि दहा हजारांच्या पायरीवर पत्नीचा चेहरा. गणिताप्रमाणे जिथे निर्धास्तपणे पैसे लावायला हवेत, तिथे समोरचा ढीग हा ढीग न राहता तीन सिलिंडर आणि एक बिल आहे असे दिसू लागले की खेळाडू पाने टाकून देतो. अशा भेदरलेल्या पैशाने खेळणारा माणूस अनुभवी प्रतिस्पर्ध्यांना चटकन ओळखू येतो, आणि ते त्याला त्याच्या सिलिंडरसकट गिळतात. प्रत्येक खेळाडूची कमाल पायरी असते ती त्याच्या बुद्धीने ठरलेली नसते. ज्या पायरीवर त्याला पहिली घरगुती वस्तू दिसते तिथे ती ठरते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ज्यांनी हा भ्रम मोठ्या साधनेने घालवला, त्यांना उलट दिशेचा विकार जडलेला आढळतो. हातातला पैसा पाच-दहाच्या बाय-इनमध्ये मोजायची सवय लागली की बारा हजारांचा सोफा हा बारा बाय-इनचा होतो आणि त्याची खरेदी हा बेजबाबदारपणा ठरतो. तोच खेळाडू दहा-वीसवर गेला की सोफा सहा बाय-इनवर उतरतो आणि अचानक परवडू लागतो, जरी पगार, सोफा आणि घरातली माणसे या तिन्हींत दरम्यान काहीही बदल झालेला नसतो. याच काळात तो कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी मंडईत घासाघीस करणाऱ्या आईला उद्देशून छोट्या रकमांवर निर्णयशक्ती वाया घालवू नये, असे म्हणतो. आई जुडी दहा रुपयांना मिळवते. पाच रुपयांची खात्रीची कमाई, शून्य व्हेरियन्स, आणि रेक नाही. हे गणित त्याने कधी मांडलेले दिसत नाही.

बँकरोलविषयीची सर्वांत तीव्र मतभिन्नता फ्रिजच्या बाबतीत उद्भवते. कल्पना अशी की, फ्रिजच्या दाराचे रबर गेले आहे, दार आपोआप उघडते, आणि ते बंद राहावे म्हणून बैठकीच्या खोलीतले प्लास्टिकचे स्टूल त्याला टेकवून ठेवले जाते. पाणी प्यायचे तर आधी स्टूल सरकवायचे, बाटली काढायची, दार गुडघ्याने दाबायचे आणि स्टूल पुन्हा पायाने ओढून घ्यायचे, ही क्रिया घरातली लहान मुलेसुद्धा विनातक्रार शिकलेली असतात. अशा घरात एके दिवशी गृहस्वामिनीला कळते की, आपल्या पतीच्या बँकरोलमध्ये साठ हजार रुपये आहेत. तिचा प्रश्न सरळ असतो. पतीचे उत्तर असे की, ते पैसे पैसे नसून अवजार आहेत, त्यांतले पंचवीस हजार काढले तर दहा-वीसच्या टेबलासाठी केवळ साडेसतरा बाय-इन उरतात आणि सर्वस्व गमावण्याची शक्यता लक्षणीय वाढते. "म्हणजे हरलास तर पैसे जाणार, आणि जिंकलास तरी फ्रिज येणार नाही," असा सारांश गृहस्वामिनी काढते. बँकरोल व्यवस्थापनावरील समग्र वाङ्मयात याहून नेमके विवेचन सापडणे कठीण आहे.

वेळेच्या बाबतीतही घर आणि टेबल यांच्यात असाच बेबनाव असतो. टेबलावर निर्णयासाठी मोजके सेकंद मिळतात आणि अवघड प्रसंगी वापरण्यासाठी टाइम बँक नावाची जादा सेकंदांची शिल्लक असते. घरी अशी सोय नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, एवढेच काम सोपवून पत्नी आंघोळीला जाते. त्या क्षणी खेळाडूला तिसऱ्या टेबलावरच्या एका अनोळखी माणसाने चाळीस मिनिटांपूर्वी हातात काहीही नसताना शेवटच्या पानावर ढिगाच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम लावली होती हे आठवते, त्यावरून आताच्या रकमेचा अर्थ लावता येतो, ढिगाच्या प्रमाणात तेवढीच रक्कम लावणे परवडते की नाही याचा भागाकारही मनात होतो. न्हाणीघरातून आवाज येतो, "अरे, किती झाल्या?" यावर तो "थांब, टाइम बँक चालू आहे," असे उत्तर देतो, अत्यंत योग्य निर्णय घेऊन पाने टाकतो आणि सहाशे चाळीस रुपये वाचवतो. डाळ खाली लागलेली असते. संध्याकाळच्या एकूण ताळेबंदात ते सहाशे चाळीस रुपये कुठेही दिसत नाहीत, डाळ मात्र पुढचे तीन दिवस दिसते.

शिवाय पोकरचे पंचांग घरच्या पंचांगाशी जुळत नाही. नवशिके व उधळे खेळाडू, ज्यांना या व्यवसायात फिश म्हणतात आणि ज्यांच्यावाचून कोणाचीही कमाई संभवत नाही, ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झाल्यावर, शनिवारी रात्री आणि सणासुदीला मोठ्या संख्येने अवतरतात. घरचे पाहुणेही नेमके तेव्हाच अवतरतात. गणेशोत्सवात संध्याकाळची आरती आणि टेबले भरण्याची वेळ एकच असते. मंत्रपुष्पांजली लांबली की चारही टेबलांवर खेळाडूच्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा लागतो आणि काही वेळाने त्याची जागा दुसऱ्याला दिली जाते. उलट मंगळवारी रात्री, जेव्हा घरात कोणी येत नाही आणि कसली मागणी नसते, तेव्हा टेबलावर सगळे त्याच्यासारखेच तयारीचे संसारी लोक बसलेले असतात, एकमेकांना जिंकू देत नाहीत, आणि रेक तेवढा वाढत राहतो. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाण्याचा प्रघात असल्यामुळे या वर्गाने घरात सर्वप्रथम जी वस्तू इन्व्हर्टरवर घेतली ती इंटरनेटचा राउटर होय. पंख्याचा क्रम नंतर लागला.

करव्यवस्थेने या संसारात जी भर घातली तिचा उल्लेख टाळता येणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर उगमस्थानीच कापला जाऊ लागला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. दर शंभर डावांमागे पाच ब्लाइंडसाठी झुंजणाऱ्या माणसाचे यात काय झाले असेल ते उघड आहे. पण आर्थिक हानीपेक्षा सामाजिक हानी मोठी होती. उगमस्थानी कापलेला कर आयकर खात्याच्या नोंदीत आपोआप उमटतो, ती नोंद विवरणपत्र भरताना घराण्याचे चार्टर्ड अकाउंटंट असलेले काका उघडतात, आणि काकांचा फोन सहसा थेट आईला जातो. "याच्या पगाराव्यतिरिक्त इथे काहीतरी दिसतंय," या एका वाक्याने कित्येकांचे वर्षानुवर्षांचे गुपित जुलै महिन्यात फुटले. हरलेल्या वर्षाचा तोटा जिंकलेल्या वर्षातून वजा करता येत नाही, हे काकांनी समजावून सांगितल्यावर आईने विचारले की, मग सरकारलाही हा हरणार हे ठाऊक आहे का.

कौशल्य की नशीब हा वाद न्यायालयांत जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या गटात ठेवले; पोकरच्या बाजूने बोलणारे या निकालाचा आधार पुढे कित्येक दशके घेत आले. २०२५ मध्ये हा वादच निकालात निघाला. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत व २१ ऑगस्टला राज्यसभेत संमत झाले, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली, आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद झाले. कायद्याचा बडगा खेळ चालवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. पण टेबलच नसल्यावर ही सवलत उपयोगाची राहत नाही. गणेश चतुर्थी त्या वर्षी २७ ऑगस्टला होती. गणपती झाले की दहा-वीसचा शॉट घ्यायचा, असे ठरवून बसलेल्यांची संख्या मोजणे शक्य नसले तरी ती लहान नसावी. शिल्लक रकमा काढून घेण्यात आल्या, बँकरोल नावाचे अवजार बचत खात्यात येताच पुन्हा पैसे झाले, आणि सणाच्या सवलतींच्या मोसमात ते पैसे किती दिवस टिकले हे फ्रिज विकणारे सांगू शकतील.

ज्यांचा पिंड अद्याप शांत झालेला नाही त्यांच्यासाठी गोवा उरला. पणजीत मांडवी नदीवर उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर प्रत्यक्ष पानांचे पोकर चालते, मात्र तिथले लहानातले लहान टेबलही एक-दोन किंवा पाच-दहाच्या मानाने बरेच वरचे असते. म्हणजे जी पायरी चढायला सावध खेळाडूने वर्षानुवर्षे आढेवेढे घेतले, ती त्याला कायद्याने एका दमात चढायला लावली. हाताने पाने वाटली जात असल्याने तिथे तासाला पंचवीस ते तीसच डाव होतात. महिन्यातून एक वारी आणि वारीत बारा तास खेळ धरला, तर एक लाख डाव पुरे होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागतील, आणि आपण चांगले खेळतो की नाही याचा निर्णय हाती येण्यापूर्वी सदनिकेचे वीस वर्षांचे कर्ज फिटलेले असेल.

वारीची परवानगी मिळवण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत गोव्यात आहे आणि ज्या घरात शनिवारी रात्री दोन तास मिळत नव्हते, तिथे मंगेशी किंवा शांतादुर्गेच्या दर्शनासाठी दोन मुक्काम बिनविरोध मंजूर होतात. मंजुरी मात्र सर्वांसाठी असते. पत्नी, आई, दोन मुले आणि पुण्याहूनच बांधून घेतलेले दशम्यांचे डबे असा लवाजमा निघतो. आईला सकाळच्या अभिषेकासाठी लवकर उठायचे असते, कॅसिनोत एकवीस वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नसतो, त्यामुळे रात्री मुलांपाशी खोलीवर कोणीतरी थांबावे लागते, आणि बोट एकदा आतून पाहायची पत्नीची फार दिवसांची इच्छा असते.